हिरडीजवळच्या फटी आणि सकाळची मशेरी

माझ्या पुढच्या दातांमध्ये हिरडीला लागून फटी पडल्या होत्या. वरच्या दातांत दोन, खालच्या दातांत तीन. दातांची टोकं एकमेकांना चिकटलेली, मुळाशी मात्र काळी तिकोनी भोकं. जेवताना त्यात काहीही अडकायचं. घरात सुका जवळा केला की मी सगळ्यांची जेवणं झाल्यावर एकटी बसून जेवायची, म्हणजे नंतर भिंतीकडे तोंड करून काडीनं दात कोरता यायचे. बोलताना त्या फटीतून थुंकी उडायची. तसं मी आधीच कमी बोलते. त्यात हे झालं, तेव्हा तोंडापुढे पदर धरूनच बोलायची सवय लागली.

फटी मशेरीनं पडल्या. पण मशेरीला नुसती वाईट म्हणून मला पुढे लिहिता येणार नाही.

माझं माहेर आपट्याचं. तिथे आम्ही राखुंडीनं दात घासायचो. तूस जाळून आई ती करायची. लग्न होऊन पनवेलजवळच्या या गावात आले तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. घर माणसांनी भरलेलं, मला कोणाशी बोलता यायचं नाही. विचारलं तर मान हलवायची, नाही विचारलं तर कामाला लागायची. आठव्या का नवव्या दिवशी माझी दाढ ठणकायला लागली. मी ते कोणाला सांगितलं नाही, पण सासूच्या लक्षात आलं. सासूला मी आय म्हणते. आय सकाळी मागच्या दारी पायरीवर बसून मशेरी लावत होती. तिनं मला हाक मारून शेजारी बसवलं, डबीतली चिमूटभर मशेरी माझ्या तळहातावर ठेवली आणि दाढेला कशी लावायची ते स्वतःच्या तोंडात बोट घालून दाखवलं. मला गरगरलं, दाढ मात्र ठणकायची थांबली. दुसऱ्या दिवशी मी आपणहून जाऊन बसले.

तेव्हापासून तेहतीस वर्षं आम्ही सकाळी त्या पायरीवर बसत आलो. जुन्या तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायचं काम आयचं. चुरायचं काम माझं. त्या धुरानं घरातले सगळे खोकत उठायचे. मग आम्ही दोघी बोट फिरवत बसायचो, मध्येच वाकून बाजूला थुंकायचो. दिवसभरात मी आयशी जेवढं बोलायचे त्याहून जास्त त्या अर्ध्या तासात बोलायचे. तोंड भरलेलं असलं की बोलायला घाई करता येत नाही, समोरच्याच्या तोंडाकडे बघावंही लागत नाही. मला ते सोपं पडायचं. मुलगी पोटात राहिली ते मी नवऱ्याच्या आधी आयला सांगितलं, तिथेच. माझी आई वारली तेव्हा तेराव्यानंतर परत आले आणि सकाळी पायरीवर बसले, तेव्हा आय म्हणाली, आता तुझ्या आईबद्दल सांग. मी सांगितलं. पुढे आमचं शेत गेलं, पायरीसमोर पत्र्याचं कुंपण आलं, कुंपणापलीकडे रस्ता झाला. आम्ही कुंपणाकडे बघत बसायला लागलो.

मुलगी खारघरला एका ऑफिसात जाते. तिनंच माझ्या मागे लागून मला पनवेलला दातांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर तरुण बाई होती, मला काकू म्हणायची. तिनं आरसा हातात देऊन मला माझे दात दाखवले. इतक्या जवळून मी ते कधी पाहिले नव्हते. दातांना मागून कीट धरलं होतं, दगडासारखं. ती म्हणाली, आधी हे काढू, हिरड्यांची सूज उतरू दे. खालचे दोन दात थोडे हलतायत, मशेरी चालू राहिली तर ते जातील. मशेरी सुटली आणि हिरड्यांतून रक्त यायचं थांबलं, की दातांच्याच रंगाचा मसाला लावून फटी बंद करून देईन. गेलेली हिरडी परत वर येणार नाही, पण उरली आहे ती वाचेल.

कीट काढून घरी आले तर फटी आधीपेक्षा मोठ्या दिसायला लागल्या. मला वाटलं, बाईनं माझे दात बिघडवले. मुलीनं समजावलं की भोकं आधीपासून तेवढीच होती, कीट भरून बसल्यामुळे दिसत नव्हती. ते मला पटलं, तरी दोन दिवस मी आरशात पाहिलं नाही. थंड पाणी लागलं की दात शिवशिवायचे. गरम चहाही तोंडात धरवायचा नाही.

मशेरी सोडायची हे मी मनाशी ठरवलं होतं. सोडण्याचे त्रास होते. डोकं जड व्हायचं, सकाळी पोट साफ व्हायचं नाही, चिडचिड व्हायची. एकदा दुपारी घरात कोणी नसताना मी आयची डबी उघडून चिमूट घेतली होती, तेही लिहून ठेवते. पण ते त्रास सोसण्यासारखे होते. मला खरा प्रश्न पडला होता तो पायरीचा. मशेरी लावायची नाही तर सकाळी तिथे जाऊन बसायचं कशाला? घरात दहा कामं असतात. रिकामी बसलेली बाई आमच्याकडे कोणाला बघवत नाही, खुद्द बाईलाही नाही. आणि आय एकटी बसणार. तिच्या डोळ्यांना आता बरंच कमी दिसतं, गुडघे धरलेत, ती कुठे जात नाही. तिच्याकडे दिवसातून माणसं येतात ती जेवायचं ताट घेऊन किंवा औषधाची गोळी घेऊन. नुसतं बसायला मीच यायची.

म्हणून मी एक युक्ती केली. आपट्याला भावाकडे गेले तेव्हा गिरणीतून पिशवीभर तूस आणलं, जाळलं, वस्त्रगाळ केलं आणि आईसारखी राखुंडी केली. रंग मशेरीसारखाच काळा. ती एका वेगळ्या डबीत भरली. सकाळी आयनं भाजलेली मशेरी मी पूर्वीसारखी चुरून द्यायची आणि स्वतःच्या बोटावर मात्र राखुंडी घ्यायची. आयला डोळ्यांनी कळणार नाही हे मला माहीत होतं. तंबाखू सुटली आणि बसणंही राहिलं, म्हणून मी खूश होते. आय नेहमीसारखी गप्पा मारत होती. दोन महिने असे गेले.

दोन महिन्यांनी फटी भरायच्या म्हणून मुलगी आणि मी पनवेलला गेलो. मी खुर्चीत आडवी झाले, तोंड उघडलं. डॉक्टरनं दिवा जवळ ओढला. मग तिनं बारीक आकड्यानं फटीतलं काळं काढून कापसावर पुसलं आणि तो कापूस मला दाखवला.

"काकू, तुम्ही मशेरी सोडलेली नाही," ती म्हणाली.

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिचा आवाज पडला होता. मला सांगायचं होतं की बाई, ही राख आहे. पण राख का लावली, असं ती विचारणार. मग आयचं सांगावं लागणार, शेजारच्या स्टुलावर मुलगी बसली होती, ती घरी जाऊन सगळं बोलणार, आणि आयला कळणार की दोन महिने मी तिच्यापुढे नाटक केलं. हे सगळं एकदम डोक्यात आलं आणि जीभ हललीच नाही. मी मान हलवली. हो, असं झालं ते.

हिरड्या अजून लाल आहेत, अशावर मसाला लावला तर टिकणार नाही, असं डॉक्टरनं सांगितलं आणि खुर्ची सरळ केली. घरी आल्यावर मुलगी आधी आजीच्या खोलीत गेली. मी स्वयंपाकघरात होते, तिथे सगळं ऐकू येत होतं. "आजी, आईनं मशेरी सोडली नाही म्हणून डॉक्टरनं परत पाठवलं. तिचे पुढचे दात जाणार आहेत. तुझ्यामुळे," मुलगी म्हणाली. ती माझ्या काळजीनं बोलली, पण ते बोलणं माझ्या जिव्हारी लागलं. मी भाकरी थापत राहिले. त्या वेळी आत जाऊन खरं सांगितलं असतं तर एवढं लिहावं लागलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आयनं तवा चुलीवर ठेवला नाही. लुगडं बदलून, डोक्याला तेल लावून ती ओट्यावर बसली होती. मला म्हणाली, रिक्षा बोलाव, आपल्याला पनवेलला जायचंय. मी विचारलं, कुठे. ती म्हणाली, तुझ्या त्या दातवालीकडे. मी नको म्हणत राहिले, पण आयनं एकदा ठरवलं की माझ्या नवऱ्याचंही चालत नाही. मुलगी कामावर गेली होती. आम्ही दोघीच गेलो. वाटेत आय काठी दोन पायांमध्ये धरून, तोंड बाहेर फिरवून बसली होती. मला वाटलं, माझ्यामुळे बोलणी खावी लागली म्हणून रागावली आहे.

दवाखान्यात नंबर लावलेला नव्हता, तरी म्हातारी बघून आम्हाला आत घेतलं. डॉक्टरला वाटलं आयचे दात दाखवायला आलो. ती म्हणाली, या आजी, बसा खुर्चीत. आय उभीच राहिली.

"माजे दात कवाच गेलेत, ते बघू नको," आय म्हणाली. "ही मशेरी लावत नाय. राखुंडी लावते. दोन महिने झाले."

मी आयकडे बघतच राहिले. डॉक्टर माझ्याकडे बघायला लागली. तिनं आयला विचारलं, तुम्हाला दिसतं का, आजी.

"दिसाया कशाला पायजे? मशेरीला वास येतो, राखेला येत नाय. आनि मशेरी लावली का थुकाया लागतंय. ही थुकायचं पन सोंग करते, तोंडात पानीच नसते हिच्या."

डॉक्टरच्या हाताखाली काम करणारी मुलगी तोंड फिरवून हसली. मला जमिनीत जावंसं वाटलं. डॉक्टरनं विचारलं, मग तुम्ही यांना बोलला का नाहीत? आय म्हणाली, बोलले असते तर ती उठून गेली असती. मग काठीवर दोन्ही हात ठेवून तिनं जे विचारलं ते विचारण्यासाठीच ती आली होती, हे मला तेव्हा कळलं.

"लगीन होऊन आली तवा हिचे दात कनसाच्या दान्यांवानी लागून लागून होते. मशेरी मीच लावली हिला. आता ते वाचतील का नाय, तेवढं मना सांग."

डॉक्टरनं तिला हाताला धरून खुर्चीत बसवलं आणि स्वतः स्टुलावर बसली. म्हणाली, आजी, वाचतील. पण राख पण बंद. राख खरखरीत असते, हिरडी घासली जाते, म्हणून रक्त थांबत नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाली, काकू, काल बोलला का नाहीत. मी म्हटलं, नाही बोलता आलं. एवढंच म्हटलं, पण पदर न धरता म्हटलं. तिनं मला मऊ ब्रश दिला, आणि एक अगदी छोटा, गोल केसांचा ब्रश, दातांच्या फटीत घालून फिरवायचा. आयनं तो चाचपून पाहिला आणि विचारलं, यानं पोरांची दुधाची बाटली धुतात का. परत निघताना डॉक्टरनं आयलाही मशेरी सोडायला सांगितलं, तोंडात काही पांढरं दिसलं तर लगेच दाखवा म्हणाली. आय म्हणाली, हो बाय. तो हो नुसता म्हणायचा होता हे आम्हा तिघींनाही कळलं.

संध्याकाळी आयनं नातीला जवळ बसवून राखुंडीचं सांगितलं. मुलगी रडली, मग माझ्यावरच चिडली की मी तोंड उघडून बोलत का नाही. तिचं बरोबर होतं. रात्रीच्या जेवणाला मात्र तिनं माझ्यासाठी जवळा बाजूला काढून मऊ भात वाढला.

पुढचा महिनाभर मी सांगितल्यासारखं केलं. रक्त यायचं थांबलं, हिरड्या गुलाबी झाल्या. मग डॉक्टरनं दोन दिवशी मिळून फटी भरल्या. दातांच्या मध्ये पातळ पट्टी सरकवायची, दाताच्या कडेला थोडा मसाला लावायचा, निळा दिवा धरायचा, मग घासून गुळगुळीत करायचं. दुखलं नाही, फक्त जबडा अवघडला. आरशात बघितलं तर काळं काही नव्हतं. खालच्या एका ठिकाणी बारीकशी फट मुद्दाम ठेवली होती, छोटा ब्रश जावा म्हणून. हलणारे दोन दात आतून बारीक तारेनं बांधले. मी जिभेनं दहा वेळा चाचपलं. वारा लागायचा ती जागा बंद झाली होती, त्यामुळे तोंड कोणा दुसऱ्याचंच वाटत होतं. घरी येताना रिक्षावाल्यानं कुठे जायचं विचारलं, आणि नेहमी मुलगी सांगते ते मी सांगितलं.

पण पायरी सुटली. दवाखान्यातून आल्यापासून आयनं घरात तंबाखू भाजायची बंद केली. तवा, डबी सगळं उचलून ती शेजारच्या घरी मागच्या ओट्यावर जाऊन बसायला लागली. तिथे तिच्या वयाच्या दोघी आहेत. मी विचारलं तर म्हणाली, वासानं तुला परत इच्छा होईल. तिला नीट दिसत नाही, गुडघे दुखतात, तरी सकाळी भिंतीला धरून ती जायची आणि चहाच्या वेळेला परत यायची. माझं भलं व्हावं म्हणून जात होती, म्हणून मला तिला अडवता येईना. मी सकाळी ब्रश करायची, तोंड धुवायची आणि भांड्यांना लागायची. दिवसभर आय समोर असायची, पण बोलणं जेवलात का, गोळी घेतली का, एवढंच. सांगायच्या गोष्टी साठत गेल्या. नवऱ्याला सांगायला गेले तर तो दुसऱ्या वाक्यालाच काय करायचं ते सांगतो. आय करायचं सांगत नाही. ती ऐकते आणि मग तिची एखादी गोष्ट सांगते.

पंधरा-वीस दिवस मी असे काढले. मग एका सकाळी मी हात पुसले आणि शेजारच्या मागच्या दारी गेले. ओट्यावर तिघी म्हाताऱ्या बोटं तोंडात घालून बसल्या होत्या. आय कडेला होती. बाकीच्या दोघींच्या गप्पा चालल्या होत्या. आय त्यांत नव्हती, कुंपणाकडे तोंड करून बसली होती. मला बघून शेजारीण म्हणाली, आली गो सून, सासूशिवाय करमत नाय का हिला, का मशेरीचा वास घ्यायला आली. दोघी हसल्या. एरवी मी तिथूनच मागे फिरले असते.

"आय, घरी बसा," मी म्हटलं. "मला बोलायचं असतं."

मोठ्यानं म्हटलं असावं, कारण त्या दोघींचं हसणं थांबलं. आयनं तोंडातलं थुंकलं, पदरानं ओठ पुसले.

"आनि इच्छा झाली तं?" तिनं विचारलं.

"झाली तर तुम्हाला सांगेन."

तिनं डबी कमरेला खोचली आणि उठायला हात पुढे केला. मी तिला उठवलं. तवा तिनं शेजारणीकडेच ठेवला. भाजायचं इथेच, लावायचं घरी, असं तिनं तिला सांगून टाकलं.

आता सकाळी आम्ही पुन्हा पायरीवर बसतो. मशेरीचा वास माझ्याकडे येऊ नये म्हणून ती वाऱ्याच्या खालच्या बाजूला बसते, मी वरच्या. ती बोट फिरवते, मी छोटा ब्रश उरलेल्या फटीत फिरवते. इच्छा होते तेव्हा मी सांगते. आज झाली, असं म्हणते. मग ती डबीचं झाकण लावून टाकते आणि स्वतःही त्या दिवशी दुसऱ्यांदा घेत नाही. काल तिनं मला तिच्या लग्नाचं सांगितलं. लग्नात तिला होडीतून आणलं होतं आणि खाडीला ओहोटी लागल्यामुळे वऱ्हाड चिखलात दोन तास अडकलं होतं. तेहतीस वर्षांत हे मी पहिल्यांदा ऐकलं. मी विचारलं, मग तुम्ही दोन तास काय केलं? ती म्हणाली, नवऱ्याकडं बघितलं, दुसरं काय होतं तिथं बघायला. मी हसले. पदर हातात होता, तो वर न्यायचं राहून गेलं.